रिकाम्या गाडीचं वजन

ही माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची हकिकत आहे. कुणाकडून ऐकलेली नाही. जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या हातून झालं. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. वाद घालायचं माझं वय राहिलेलं नाही. माझ्याकडे वजनकाट्याच्या चार चिठ्ठ्या आहेत आणि गाडी अजून माझ्या घरामागे उभी आहे.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. अकरा तारीख, मंगळवार. दुपारचे साडेतीन.

लख्ख ऊन होतं. अंधार नव्हता, पाऊस नव्हता, रस्ता सुनसान नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो.

चाळीस वर्षं मी गॅरेज चालवलं. आता हात थरथरतात म्हणून बंद केलंय, पण ओळखीचे लोक अजून गाडी घेऊन येतात. धाकटा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. जुन्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर त्याचा क्लास होता. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. माणूस आडदांड, चांगला पंच्याण्णव किलोचा. नवा शिकणारा घाबरला की त्याला सांगायचा, ठोकलीस तरी काळजी करू नकोस, मध्ये मी आहे उशीसारखा.

डिसेंबरात त्याची बायको गेली. तिच्या किडन्या बंद पडल्या होत्या. दोन वर्षं तो दर दिवसाआड तिला मशीनवर घालायला हॉस्पिटलात न्यायचा, ह्याच गाडीतून. ती मागच्या सीटवर डाव्या दाराला टेकून बसायची. ती गेल्यावर तो एकटाच राहिला. मूलबाळ नव्हतं.

त्या मंगळवारी तो गॅरेजच्या दारात आला आणि गाडीतून न उतरताच म्हणाला, "दादा, मागच्या चाकातून आवाज येतोय. वळताना."

मी विचारलं, कुठल्या बाजूला वळताना?

उजवीकडे, म्हणाला. सरळ रस्त्यावर काही नाही. डावीकडे वळलं तरी काही नाही.

हे सोपं दुखणं आहे. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणजे डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असणार. आम्ही मैदानावर गेलो. त्याने गाडीने आठचा आकडा काढायला सुरुवात केली. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो.

डावं वळण. काही नाही.

उजवं वळण...

खर्रर्र. मग थोडं थांबून पुन्हा खर्रर्र.

बेअरिंग असं वाजत नाही. ते विमानासारखं गुणगुणतं. हा आवाज कुणी घसा साफ करावा तसा होता.

तरी मी बेअरिंग बदललं. आवाज गेला नाही. ड्रम उघडला, ब्रेकचे लायनर पाहिले, आत कुठे खडा अडकलाय का ते पाहिलं. स्वच्छ. गाडी जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं. अगदी गप्प फिरलं. मग मी टायरच्या कडेला खडू फासला आणि त्याला दोन चकरा मारायला सांगितलं. परत आला तेव्हा मडगार्डच्या आतल्या बाजूला खडू उमटला होता.

म्हणजे टायर मडगार्डला घासत होता.

हे मात्र मला पटलं नाही. टायर वर घासायला गाडी खाली बसावी लागते. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं तर समजू शकतो. गाडीत एकटा धाकटा होता, तोही पुढे.

टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर मी बोटांनी मोजलं. उजवीकडे चार बोटं. डावीकडे दोन.

स्प्रिंग दमली असेल म्हणून दोन्ही नव्या टाकल्या. गाडी जमिनीवर उतरवली.

उजवीकडे चार बोटं.

डावीकडे... दोन.

धाकटा बाजूला उभा राहून नुसता बघत होता. एरवी माझ्या कामाला नावं ठेवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुनी युक्ती केली. गाडीचा आवाज नेमका कुठून येतोय ते बाहेरून कळलं नाही, तर मेकॅनिक स्वतः आवाजाच्या जागी जाऊन बसतो. मी मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसलो. माझं वजन पडल्यावर टायर जास्तच घासायला हवा होता. धाकट्याला म्हटलं, घे उजवीकडे.

त्याने घेतली.

आवाज आला नाही.

म्हटलं, पुन्हा घे. पुन्हा घेतली. डावं चाक एकदम शांत.

आणि मग आवाज आला...

उजव्या चाकातून.

उजव्या वळणावर उजवं चाक हलकं होतं. तिथं घासणं शक्यच नाही. चाळीस वर्षांत मी असं ऐकलेलं नाही. मला एकच गोष्ट सुचली. आपण बसमध्ये चढतो, सीटवरचं माणूस आपल्याकडे बघतं आणि थोडं पलीकडे सरकून जागा देतं. तसं झालं होतं.

मी उजवीकडे हात फिरवला. सीट थंड होती. कव्हर ताणलेलं होतं, त्यावर एक सुरकुती नव्हती.

मी गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरलो. पुढच्या वळणाला आवाज पुन्हा डाव्या चाकातून आला.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. मनाला समजावलं की दाराच्या किंवा तळाच्या पोकळ पत्र्यात पाणी साचलं असेल. असं होतं कधीकधी. पाणी वळणावर इकडून तिकडे पळतं. गालिचा उचलला. कोरडा. दाराचं आतलं पुठ्ठ्याचं आवरण काढलं. कोरडं. मग ठरवलं, गाडीचं वजनच करू. निदान आकडा तरी खोटं बोलणार नाही.

भंगारवाल्याच्या आवारात वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेला, मोठ्या गाड्यांचा. पाच-पाच किलोने सरकतो. तिथली पद्धत अशी की गाडी आधी ड्रायव्हरसकट चढते, काटेवाला तो आकडा मशीनमध्ये भरतो. मग ड्रायव्हर उतरतो आणि दुसरा आकडा येतो. चिठ्ठीवर दोन्ही छापतात. मला हवा होता फक्त दुसरा. रिकामी गाडी किती भरते, तेवढंच.

डिकीतलं जास्तीचं चाक काढलं होतं. पेट्रोल नावापुरतं होतं. कागदावर गाडीचं वजन सातशे ऐंशी. मी आधीच उतरून चाकं नीट चढली का ते बघत कडेला उभा राहिलो. धाकट्याने गाडी काट्यावर घेतली, मग उतरून माझ्याजवळ आला.

काटेवाल्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, रिकामी आठशे पंधरा.

मी म्हटलं, असं होणं शक्य नाही.

तो आपला पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, मागची माणसं पण उतरवा की."

मी गाडीकडे पाहिलं...

चारही दारं बंद होती. आत कुणी नव्हतं.

त्याने चिठ्ठी छापून दिली. मी ती न वाचताच खिशात घातली. अक्षरं आणि हिशेब मी पन्नाशीनंतर शिकलो. अजूनही कुणी तोंडाने सांगितलं की कागद बघायची सवय नाही. ती सवय असती तर...

असो.

सातशे ऐंशी आणि आठशे पंधरा. पस्तीस किलो जास्त.

मी हा आकडा मोठ्याने बोललो आणि धाकट्याने काट्याच्या कठड्याला हात टेकला. हॉस्पिटलात मशीनवर घालायच्या आधी आणि नंतर त्याच्या बायकोचं वजन करायचे. शेवटच्या दिवशी तिचं वजन पस्तीस भरलं होतं. ते त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मीच तर त्या दिवशी तिला धरून काट्यावर उभं केलं होतं.

घरी येईपर्यंत तो रडत होता. दारात मला म्हणाला, "दादा, आता हिला हात लावू नकोस. आवाज राहू दे."

त्या वेळी मी हो म्हटलं. माझी चूक तिथून सुरू होते.

पंधरा दिवसांनी तो स्वतः आला. म्हणाला, चल, वजन करून येऊ. मी गेलो. त्याला एकट्याला कसं सोडणार? रिकामी आठशे पंचवीस. म्हणजे दहा किलोनी वाढ. मी आकडा पुन्हा विचारून घेतला. त्याचा चेहरा मात्र उजळला. गाडीत बसता बसता माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "बरी होतेय ती. अंग धरतेय."

दोन वर्षं त्याने तिचं वजन उतरताना पाहिलं होतं. आता कुणीतरी त्याला उलटा आकडा दाखवत होतं.

शिकायला येणारे कमी झाले. एक बाई पहिल्याच दिवशी गाडी मैदानात सोडून चालत घरी गेल्या. म्हणाल्या, मास्तर, तुम्ही मागे कुणाशी बोलता ते मला सहन होत नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. दिवसभर एकटाच उजवीकडे चकरा मारायचा. मैदानावर गोल वाट पडली होती. मी डबा नेऊन द्यायचो तेव्हा लांबूनच ऐकू यायचं. खर्रर्र. खर्रर्र. आता ते घसा साफ केल्यासारखं वाटत नव्हतं. पोट भरून जेवल्यावर माणूस ढेकर देतो, तसं वाटायचं.

मार्चअखेरीस तिसरं वजन केलं. आठशे चाळीस. साठ किलो जास्त. धाकटा म्हणाला, लग्नात ती साठच होती. एवढंच बोलून गाडीला टेकून उभा राहिला. खुशीत होता.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे जेवला. दोन माणसांचं एकटा जेवला. तो गेल्यावर आमची बायको भांडी आवरत म्हणाली, भाऊजींच्या अंगात शर्ट आहे की शर्टात भाऊजी, काही कळत नाही. मी म्हटलं, दुःखाने माणूस वाळतो. ती म्हणाली, दुःखाने वाळतो तो असा जेवत नाही. त्यांचं वजन करा एकदा, गाडीचं कसलं करताय.

मी हसलो.

मग हसू थांबलं.

कपाटातून तिन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि पहिल्यांदाच चष्मा लावून नीट वाचल्या. खालचा आकडा मला पाठ होता. वरच्या ओळीत ड्रायव्हरसकट वजन छापलेलं होतं. ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिली चिठ्ठी. आठशे पंच्याहत्तर.

दुसरी चिठ्ठी. आठशे पंच्याहत्तर.

तिसरी...

आठशे पंच्याहत्तर.

गाडी जड होत होती तरी गाडी आणि माणूस मिळून वजन तेवढंच होतं. बाहेरून काहीच येत नव्हतं. सातशे ऐंशीची गाडी आणि पंच्याण्णवचा माझा भाऊ. मागच्या सीटवर जे वाढत होतं, ते पुढच्या सीटवरून जात होतं.

मी वजाबाकी केली. पुन्हा केली. त्या दिवशी माझ्या घरी जेवून गेलेला माझा भाऊ पस्तीस किलोचा होता.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून त्याच्याकडे गेलो. तो अंगणात गाडीची मागची काच पुसत होता. मी चिठ्ठ्या त्याच्यासमोर धरल्या आणि सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, ही ती नाही. असली तरी ती बरी होत नाहीये, तुला खातेय. आजच्या आज गाडी सोड. माझ्याकडे राहायला चल.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग फडकं पिळून दारावर वाळत घातलं.

"जुळली होती, दादा," तो म्हणाला.

मला कळेना. काय जुळली होती?

"माझी किडनी. तपासणीत जुळली होती. तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की जुळत नाही. मी घाबरलो."

मी तिथल्या पायरीवरच बसलो.

तो सांगत राहिला. तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. त्या दिवशी घरी येताना ती मागे दाराला टेकून बसली होती आणि वाटेत एक शब्द बोलली नाही. पुढची दीड वर्षं बोलली नाही. भाजी काय करू, गोळ्या दिल्या का, एवढंच. कधी विचारलं नाही, का नाही म्हणालास.

"एक द्यायची होती, तीही दिली नाही," तो म्हणाला. "आता घेऊ दे तिला काय घ्यायचं ते."

मी म्हटलं, आणि ती नसेल तर? दुसरंच कुणी असेल तर?

त्याने काचेवरचा एक डाग नखाने खरवडला.

"कुणी का असेना," तो म्हणाला. "मागतंय ना."

त्याच दुपारी मी गाडीची चारही चाकं काढली आणि गाडी विटांवर ठेवली. चाकं माझ्या गॅरेजमध्ये कुलपात टाकली. वाटलं, गाडी चालली नाही तर हे थांबेल. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला. हात स्टिअरिंगवर. तिसऱ्या दिवशीही तिथेच. चौथ्या दिवशी मी त्याला दंडाला धरून बाहेर काढायला गेलो. शर्टाची बाही हातात आली. आत दंड शोधावा लागला.

डॉक्टरांना घरी आणलं. नाडी चांगली आहे म्हणाले. टॉनिक लिहून दिलं.

शेवटी त्याने माझ्याशी सौदा केला. एकदा वजन करून येऊ. मग गाडी काट्यावरच सोडून देतो, भंगारवाल्याला. मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. चाकं परत बसवली.

नऊ एप्रिल, बुधवार. सकाळचे अकरा. आवारात माणसं होती, पत्रे आपटत होते, कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

गाडी काट्यावर चढली. धाकटा उतरून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तिथं खडी टाकलेली आहे. माझ्या पावलांखाली ती करकरत होती.

तो चालत आला तेव्हा मात्र...

काहीच वाजलं नाही.

काटेवाल्याने खिडकीतून म्हटलं, उतरा मास्तर, म्हणजे दुसरं वजन घेतो.

धाकटा म्हणाला, उतरलोय.

काटेवाल्याने डोकं बाहेर काढलं. आमच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं. पुन्हा आमच्याकडे पाहिलं. एरवी बडबड करणारा माणूस. त्याने न बोलता चिठ्ठी छापली आणि खिडकी लावून घेतली.

चौथी चिठ्ठी. वर आठशे पंच्याहत्तर. खाली आठशे पंच्याहत्तर.

मी भावाकडे वळलो. तो हसत होता. खूप दमलेला माणूस घर दिसल्यावर हसतो तसा. गाडीकडे गेला, मागचं दार उघडलं आणि आत बसला. डाव्या बाजूला नाही, उजव्या. मला म्हणाला, "दादा, तू चालव. आपण घरी जाऊ."

सौद्याची आठवण करून द्यायचा मला धीर झाला नाही. मी गाडी चालवली. आवारापासून माझ्या घरापर्यंत उजवी वळणं पाच आहेत. पाचही वळणांवर मी कान देऊन होतो.

एकदाही आवाज आला नाही.

दारात गाडी उभी करून मागे पाहिलं. तो डोकं टेकून बसला होता. डोळे उघडे होते. डॉक्टरांनी नंतर हृदय बंद पडल्याचं लिहिलं.

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. गुडघे गेलेत, पाण्याची बादली मला उचलत नाही. त्याला मी एकट्याने गाडीतून काढून घरात नेलं. दाराची कडी काढायला एक हात मोकळा होता.

परत बाहेर येऊन गाडीकडे पाहिलं. मागचं माणूस उतरलं की गाडी थोडी वर येते, हे लहान मुलालाही माहीत असतं.

ती वर आली नव्हती.

आज या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. मी त्याला वाचवू शकलो असतो का? पहिलीच चिठ्ठी नीट वाचली असती तर? की काट्यावर नेलंच नसतं तर? मला माहीत नाही. मागे बसलेली ती माझी भावजय होती का, हेही मला माहीत नाही. ती कधी कुणाच्या वाईटावर नव्हती.

भंगारवाला दर महिन्याला येऊन जातो. म्हणतो, काका, उभी गाडी सडतेय, देऊन टाका. त्याच्याकडे आता नवीन यंत्र आलंय. पाच मिनिटांत अख्ख्या गाडीचा दाबून ठोकळा करतं.

मी नाही म्हणतो. तो कारण विचारतो.

काय सांगू त्याला? आत माझा भाऊ आहे की नाही, तेच मला कळत नाही.

म्हणून दर रविवारी सकाळी मी तिच्या चाकांत हवा भरतो. पुढच्या दोन चाकांत नेहमीएवढी.

मागच्या दोन चाकांत थोडी जास्त. मागे माणसं असली की जास्त लागते.